चौथी सुई

हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी मळक्या चादरी निवडतो. चादरीत एखादी सुई राहून गेलेली असते, म्हणून आम्हाला काविळीची लस घ्यावीच लागते. माझ्या तीन सुया झाल्या, तरी रक्तात लस लागू झाल्याचं काही दिसेना. सुपरवायझर म्हणाला, "पुढच्या महिन्यातल्या तपासणीतही नाही दिसलं, तर तुम्हाला चादरी निवडायच्या टेबलापाशी उभं करता येणार नाही. दुसरं काम माझ्याकडे नाही."

चौथी सुई टोचताना सिस्टरने विचारलं, "काका, झोप किती होते?"

"दोन तास. मग जाग येते."

"मग लस काय करील? रोगाशी लढायचं कसं, ते शरीर झोपेतच पक्कं करतं. कारणं दुसरीही असतील, पण आधी झोपा. डॉक्टरांना सांगून गोळी देऊ?"

"गोळी नको."

झोप येत नाही असं नाही. माझी बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी दर दोन तासांनी उठून तिची कूस बदलायचो. एकदा थकून सहा तास झोपलो. सकाळी तिच्या कमरेखाली लाल चट्टा होता. त्याची जखम झाली, ती चिघळली, आणि ही गेली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताईकडे गेलो. दाजी म्हणाले, "चौथ्यांदा? तुझं रक्त म्हणजे अगदी नापास पोरगं."

"नोकरी जाईल, दाजी," मी म्हणालो, आणि बोलता बोलता चट्ट्याचंही सांगून टाकलं.

दाजींनी टीव्ही बंद केला. ताईला म्हणाले, "याचं अंथरूण आमच्या खोलीत घाल. आज मी जागतो."

मी पडलो. ते शेजारी खुर्ची ओढून बसले. बरोबर दोन तासांनी माझे डोळे उघडले. उठून बसलो, तर दाजी म्हणाले, "कुठे निघालास? कुणाची कूस बदलायची आहे?"

"कुणाचीच नाही."

"मग स्वतःची बदल."

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. झोप काही लागेना. तपासणीला अजून महिना होता. मागे दाजी जागे होते, त्यामुळे उठताही येईना.