झायदच्या नावाचं ताट

शुक्रवारी दुपारचा नमाज सुटला की आमच्या तिगलीत गावात घराघरातून मशिदीच्या ओट्यावर कुसकुसाची, म्हणजे हातानं वळून वाफवलेल्या रव्याची, ताटं जातात. ज्याचं माणूस गेलं त्यानं त्याच्या नावानं वाफवायचं. बाहेर पडणाऱ्यांनी घास घास खायचा आणि म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. माझ्या भावाच्या, झायदच्या नावाचं ताट मी अकरा वर्षं नेत होते आणि अकरा वर्षं ते भरलेलंच परत येत होतं. वर ठेवलेला लोण्याचा गोळा तेवढा वितळून खाली गेलेला असायचा.

चोराच्या नावाचा घास कोण खाईल?

झायद सायकली दुरुस्त करायचा. वरच्या गावचा इद्दर त्याचा दोस्त. परदेशी पाहुण्यांना सायकलवरून वाळवंटातली गावं दाखवायचा धंदा दोघांनी मिळून काढला होता. वाट झायदची होती. कुठल्या विहिरीचं पाणी गोड आणि कुठल्या बाभळीची सावली कितीला कुठं सरकते, हे त्याच्या पायांना पाठ होतं. बोलणं इद्दरचं. त्याला तीन परक्या भाषा येत आणि तिन्हींत तो गोडच बोले.

त्या जूनमध्ये, मोसमाच्या शेवटच्या फेरीला, सगळे आमच्या अंगणात जेवायला थांबले होते. एका पाहुणीचा कॅमेरा मागं तिझगीच्या विहिरीवर राहिला होता, एकोणीस किलोमीटर. ऊन असं की कोंबड्या भिंतीला चिकटून बसलेल्या. इद्दर कलिंगडाची फोड खात म्हणाला, "झायद, ऊठ. अर्ध्या तासाचं काम." मी दाराआड चहाची किटली घेऊन उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं. आईनंही ऐकलं.

संध्याकाळी तो बाभळीखाली सापडला. डोक्याचा पटका सोडून त्यानं कॅमेऱ्याला गुंडाळला होता, वाळू जाऊ नये म्हणून. डोकं उघडं.

चौकशी झाली तेव्हा इद्दर म्हणाला, "मी कुठं धाडला? कॅमेरा घेऊन पळत होता." धाडला म्हणाला असता तर त्याचा धंद्याचा परवाना गेला असता. आई ओरडली, मी ओरडले, पण घरच्यांची साक्ष कोण धरतं? मातीला सात माणसं आली. आई दोन वर्षांनी गेली. जाताना तिनं पाणी मागितलं नाही, एवढंच विचारलं, "ताट रिकामं आलं का गं?"

मी म्हटलं, "आलं." तेवढं एक खोटं माझ्या नावावर आहे. नंतर आणखी एक चढलं, तेच सांगते.

झायद गेल्यापासून इद्दर आमच्या गावात आलाच नव्हता. वरच्या डांबरी रस्त्यानं फेऱ्या नेऊ लागला. पण मागच्या पावसाळी पुरानं वरचा पूल नेला, आणि या मे महिन्यात तमू आत्याच्या फोनवर त्याचा निरोप आला: अकरा माणसांचं जेवण हवं, तिगलीतमध्ये जेवू घालणारं दुसरं घर नाही.

"नाही म्हण," आत्या म्हणाली. "त्याच्या जेवणात माझा हात चुकून जास्त मीठ टाकील."

"येऊ दे," मी म्हटलं. "मीठ मी टाकीन."

बार्लीची कापणी चालू होती. आम्ही बायका पहाटेपासून वाकून विळा चालवायचो आणि ऊन चढलं की खळ्याशेजारच्या झावूच्या झाडांखाली येऊन बसायचो. गावचे म्हातारे पंच, बा उझ्झीन, तिथंच आडवे व्हायचे, तोंडावर टोपी घेऊन. त्या दिवशी मी चटया तिथंच अंथरल्या. मला साक्षीला माणसं हवी होती म्हणून नव्हे. माझ्या अंगणात त्याचा पाय नको होता म्हणून.

दहानंतर नदीपात्रातून ते वर आले. पुरानं पात्रभर गोटे आणून टाकलेत. गाढवंही तिथं अडून बसतात, मोटारसायकलचं तर नावच नको. चार ठिकाणी सायकल खांद्यावर घ्यावी लागते. सामानाची गाडी लांबच्या वळशानं रात्रीच्या मुक्कामाकडं गेली होती. नऊ पाहुणे, गुडघे लाल, चेहरे त्याहून लाल. पुढं इद्दर. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, हसणं मात्र तेच.

"तूदा! किती वाळलीस गं."

"दा इद्दर, तुम्ही मात्र छान भरलात." आमच्याकडं थोरल्या भावाला दा म्हणतात. माझ्या जिभेवर तो शब्द निखाऱ्यासारखा बसला, पण मी तो उच्चारला.

सर्वात मागं त्याचा सायकलींचा नवा कारागीर होता, हद्दू. तिशीचा, दोन मुलींचा बाप. सायकली टेकवून झाल्या आणि विहिरीचा रहाट करकरला तसा तो उठला.

"ताई, हा रहाट माझ्या सासूसारखा बोलतोय. थांबा, तेल घालतो."

"सासूला घालून पाहिलंस का?" आत्यानं विचारलं.

"तिला बदामाचं तेल घालतो, आत्या. तरी थांबत नाही."

बायका खिदळल्या. रहाट गप्प झाला. झायदही असाच, आला की आधी मोडकं शोधायचा. मी नजर वळवली.

इद्दरच्या कमरेला चामडी बटवा होता, सगळ्या पाहुण्यांचे पासपोर्ट त्यात. नमाजाआधी हातपाय धुताना त्यानं तो काढून हौदाच्या कठड्यावर ठेवला. मी पाणी ओतत होते. त्यानं डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं, तेवढ्यात बटवा माझ्या ओढणीखाली, आणि तो नमाज उरकेपर्यंत घरातल्या बार्लीच्या कणगीत, कोपरभर खोल.

माझा बेत साधा होता. ते तिझगीच्या विहिरीवर थांबूनच आले होते, तेव्हा बटवा तिथंच राहिला असं त्याला वाटायला लावायचं. बटवा त्याचा, जबाबदारी त्याची, म्हणजे जाणार तोच. एकोणीस किलोमीटर, भर दुपारी, चार ठिकाणी सायकल खांद्यावर. त्याच्या बाटल्या मी गोड्या विहिरीवर भरल्याच नव्हत्या, गुरांच्या खाऱ्या डबक्यावर भरल्या होत्या. मरावा असं वाटत होतं का? हो. खोटं कशाला बोलू? बाभळीखाली पोचेपर्यंत त्याची जीभ टाळ्याला चिकटावी, आणि तिथं माझा भाऊ त्याला भेटावा, एवढंच मागत होते.

जेवण झालं. लाल टोपीची एक उंच बाई, ग्रीत तिचं नाव, माझ्याकडून कुसकुस वळायची रीत हातवाऱ्यांनी विचारून घेत होती. तेवढ्यात इद्दरचा हात कमरेला गेला. चेहऱ्याचा रंग उतरला.

तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तूदा, माझा बटवा पाहिलास?"

"कसला बटवा? तुम्ही आलात तेव्हा कमरेला काही नव्हतं."

"तिझगीवर हात धुतले होते," तो स्वतःशीच पुटपुटला. "तिथंच राहिला."

बा उझ्झीननी टोपीखालून विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही बा. थोडं मागं राहिलंय."

"ऊन कलल्यावर जा. विहीर काय चालत जाते?"

"पाहुण्यांना कळता कामा नये. आणि चारच्या आत निघायचंय." मग तो वळला. मला वाटलं, आता हा स्वतःची सायकल उचलणार. पण तो झाडाखाली गेला, कलिंगडाची फोड घेतली आणि पायानंच हद्दूच्या चपलेला ढोसलं.

"हद्दू, ऊठ. अर्ध्या तासाचं काम."

तेच शब्द. तीच फोड. अकरा वर्षांत त्याला एक नवा शब्दसुद्धा सुचला नव्हता.

हद्दूनं आभाळाकडं पाहिलं, एकदा इद्दरकडं पाहिलं, आणि पोट भरायचं असलं की माणूस उठतो तसा उठला. पटका आवळला. बाटली हलवून पाहिली. ती अर्धीच होती, तेव्हा त्यानं हसत हसत इद्दरची भरलेली खारी बाटली घेतली आणि सायकलीला अडकवली.

मी इद्दरसाठी विणलेलं जाळं, आणि त्यात शिरत होता हा दोन मुलींचा बाप. पुढचं सगळं मला दिसलं. बाभळ. उघडं डोकं. पटक्यात गुंडाळलेला बटवा नव्हे, रिकामे हात. आणि तरीही इद्दर म्हणाला असता, पळत होता.

मी धावत घरात गेले, कणगीत हात घातला आणि बटवा घेऊन खळ्याच्या मधोमध आले. त्यावरून बार्लीचे दाणे गळत होते.

"हद्दू, उतर खाली. ती बाटली ओतून टाक. बटवा इथं आहे. मी घेतला होता."

विळ्यांना धार लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. बा उझ्झीन उठून बसले.

इद्दर आधी हबकला, मग त्याला बळ आलं. "बघितलंत? बघितलंत ना बा? पाहुण्याची वस्तू चोरली. चोराची बहीण! रक्त कुठं जाणार?"

"हो, मी चोरला," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर सांगते. आता तुम्ही सांगा, दा इद्दर. हद्दूला आत्ता कोणी धाडलं?"

"म्हणजे?"

"या उन्हात, तिझगीला. कोणी?"

"मी. मग? मालक मी आहे."

"आणि हा वाटेत पडला असता, बटवा हातात घेऊन, तर संध्याकाळी शिपायांना तुम्ही काय सांगितलं असतं?"

तो हसला. पण ते हसू अर्ध्यावर अडकलं, कारण हसणारा तो एकटाच होता. खळ्यावर सगळे त्याच्या हातातल्या फोडीकडं बघत होते. त्यानं ती टाकून दिली.

हद्दू सायकलीवरून उतरला. त्यानं बाटली उघडली, बोटानं चाखली, खारं आहे म्हणाला आणि मातीत ओतली. मग सावकाश म्हणाला, "दा इद्दर, ताईंनी विचारलंय. मलाही ऐकायचंय. माझ्या मुलींना तुम्ही काय सांगितलं असतं?"

माझ्या हातातला बटवा ओढून घेत इद्दर म्हणाला, "निघायची वेळ झाली."

"उत्तर दे रे," बा उझ्झीन म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "झायदला तू धाडला होतास?"

त्यानं खाली पाहिलं. ज्याच्या तोंडात तीन परक्या भाषा, त्याला आमच्या भाषेतला एक 'नाही' काढता आला नाही.

ग्रीतनं काहीतरी विचारलं. इद्दरनं तिच्या भाषेत हसून उत्तर दिलं. मी हद्दूकडं पाहिलं.

"बटवा सापडला म्हणून गावाला आनंद झालाय, असं सांगितलंय," हद्दू म्हणाला.

बा उझ्झीन काठी टेकत उठले. "तूदा, तू पाहुण्याच्या वस्तूला हात लावलास. खारं पाणी भरून दिलंस. याला दंड आहे."

"द्या बा."

"या शुक्रवारी अख्ख्या गावाला कुसकुस. दंडाचं जेवण आहे, तेव्हा कोणाला नाही म्हणता येणार नाही." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "कोणाच्या नावानं वाफवायचं ते तुझं तू ठरव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. गळ्यात गाणं आलं. इद्दर सायकलीवर बसत होता. मी विळा उचलला, विळ्याच्या पात्यावर खडा वाजवला, कापणीच्या चालीवर:

भाऊ धाडिला माघारी
ऊन होतं माथ्यावरी
धाडणारा सावलीत
चोरी घाली मेल्यावरी

तमू आत्यानं दुसऱ्यांदा उचललं. तिसऱ्यांदा सगळ्या बायकांनी. पाहुणे खूश झाले, टाळ्या वाजवू लागले, फोन काढून चित्रण करू लागले. इद्दरची सायकल पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली तरी आम्ही थांबलो नाही. गात गात मी पुढच्या ओळी जोडल्या:

पाय मार रे पाहुण्या
वाट पडली रे दूर
पुढल्याही गावामधी
हाच ऐकशील सूर

त्या रात्री तिगलीतच्या कुठल्या बाईनं कुठल्या गावच्या बहिणीला फोन केला ते मी विचारलं नाही. आत्याच्या फोनमधले सगळे पैसे मात्र सकाळी संपलेले होते.

शुक्रवारी मी सहा ताटं वाफवली. सगळी दंडाचीच. एक मोठं, आईच्या हातचं लाकडी, झायदच्या नावाचं. ओट्यावर ते मी मधे ठेवलं आणि मोठ्यानं नाव घेतलं. पहिला घास बा उझ्झीननी घेतला. लोणी वितळायच्या आत ताटाचं लाकूड दिसायला लागलं. एका म्हाताऱ्यानं तर बोटानं पुसून चाटलं आणि म्हणाला, "देव त्याला क्षमा करो." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आम्हालाही." ते रिकामं ताट मी न धुता आईच्या कबरीवर नेलं.

दोन आठवड्यांनी हद्दू आला, पायी. फेरी संपवून त्यानं इद्दरचं काम सोडलं होतं.

"फेरी का पुरी केलीस रे?" आत्यानं विचारलं.

"सायकली बिचाऱ्या निरपराध होत्या, आत्या. आणि खरं सांगू? मला पुढची गावं चुकवायची नव्हती." तो चहा भुरकत सांगू लागला. पाच दिवस, पाच गावं. प्रत्येक गावाच्या वेशीवर बायका रांगेत उभ्या. कुठं चाळणीवर थाप, कुठं डब्यावर, पण गाणं तेच. पाहुणे विचारायचे, काय म्हणताहेत? इद्दर सांगायचा, स्वागत करताहेत.

"आणि ती लाल टोपीवाली, ग्रीत," हद्दू म्हणाला. "तिला चाल फार आवडली. तिसऱ्या गावात एका म्हातारीजवळ बसून तिनं सगळं पाठ केलं, शब्द न् शब्द. मग शेवटचे दोन दिवस सायकल इद्दरच्या मागं लावली आणि मोठमोठ्यानं गात राहिली. उच्चार वाकडे, पण सूर पक्का."

"आणि तो?"

"गप्प. थांब म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं ना."

"मागं वळून पाहिलं का त्यानं?"

"एकदाही नाही, ताई," हद्दूनं ग्लास उपडा ठेवला. "उतार लागला तरी पाय मारतच होता."