शुगरवाल्यांना चालणारा पुडा

मी नाचणी बिस्किटांचा पुडा बोलतोय. माझ्या अंगावर हिरव्या रंगात नाचणीचं भरघोस कणीस छापलंय. पण खरं सांगायचं तर माझ्यात नाचणी नावापुरतीच आहे. बाकी सगळा मैदा, तेल आणि साखर. हे सांगताना तोंड लपवावंसं वाटतं. पण पुड्याला ती सोय नसते, त्याला तोंड दाखवायलाच फळीवर उभं करतात.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून निघालो, गार झालो आणि चकचकीत कागदात गुंडाळला गेलो. पुढच्या बाजूला कणीस आणि मागच्या बाजूला, आत काय काय आहे त्याची बारीक अक्षरं. साखरेचा आकडा तर शिवणीच्या दुमडीतच गेला होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट पौष्टिक म्हणून मी जरा ऐटीतच होतो.

तिथून मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत उदयसिंहांच्या दुकानात आलो. इथं कुणी आजारी पडलं की त्याला बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत. पूर्वी मोसंबी न्यायचे, आता बिस्किटाचा पुडा नेतात. पेशंट शुगरवाला असला की उदयसिंह न विचारता मला उचलायचे आणि म्हणायचे, "हे चालतंय त्यास्नी."

मग नियम बदलला. साखर, मीठ आणि चरबी किती, ते आता मोठ्या ठळक अक्षरांत छापायचं ठरलं. जुना माल संपेपर्यंत विकायला मुभा होती. नव्या कागदातले माझे भाऊ दुकानात येऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि गिऱ्हाइकांनी एकच गलका केला.

"एवढी साखर? मागच्या पुड्यात तर नव्हती की. कंपनीनं आता घातली व्हय?"

"सरकार आता च्याबरोबर काय खायचं ते बी सांगणार."

"मोठं लिवून लोकांस्नी भ्या दाखवत्यात नुसतं."

उदयसिंह बिचारे घसा कोरडा करून सांगायचे, "अवो, माल त्योच हाय. अक्षरं तेवढी मोठी केल्यात." कुणाला पटेल तर शपथ. जो तो म्हणे, जुना द्या, बिनसाखरेचा. शेवटी ते कंटाळले आणि आम्हा जुन्यांनाच पुढच्या फळीवर मांडून मोकळे झाले. आमचा भाव वाढला म्हणून मला त्या दिवशी फार मजा वाटली. आज ती मजा आठवली की अंग चोरावंसं वाटतं.

स्वप्नाली नावाची एक सून आली आणि म्हणाली, "जुनं असतील तेवढं सगळं द्या. आमच्या आण्णांस्नी लागत्यात." अशी आमची अख्खी टोळी तिच्या पिशवीतून घरी गेली.

आण्णा म्हणजे तिचे सासरे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. नवी कोल्हापुरी चप्पल चावली आणि पायाच्या अंगठ्याला फोड आला, एवढंच निमित्त झालं होतं. पण अंगात साखर मुरलेली, त्यामुळे जखम भरेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर खाली आली नाही तर अंगठा ठेवता येणार नाही.

स्वप्नालीनं घरातला गूळ कुलपात ठेवला. सणालासुद्धा पोळी केली नाही. आण्णा बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचे आणि मग हाक मारायचे, "पुडा आण गं." एकदा चालतंय म्हटल्यावर मोजून कोण खातं? सकाळच्या चहाला आम्ही, दुपारच्या चहाला आम्ही आणि मध्ये पोटात कावळे ओरडले तरी आम्हीच. माझे भाऊ एकामागून एक रिकामे होत होते. मी फळीवरून बघत होतो.

साखर काही उतरली नाही. बघायला आलेले पाहुणे चहा पिता पिता म्हणायचे, "घरातलंच कोणतरी चोरून गोड घालत असणार." आणि स्वप्नालीकडे बघायचे. ती बशा उचलून आत जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. तिचा पदर डोळ्यांना लागलेला मी पाहिलाय. त्या वेळी मला वाचा असती तर, असं मी म्हणणार नाही. वाचा होतीच की, ती दुमडीत घालून शिवली होती.

आण्णांचा अंगठा काढावा लागला. माझ्यामुळेच गेला असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत. पण माझा वाटा किती, ते मला ठाऊक आहे.

ते घरी आले तोवर घरात मी एकटाच शिल्लक होतो. स्वप्नाली दुकानात गेली, तर जुना माल संपलेला. चिडून तिनं नवा पुडा आणला आणि आण्णांना फरक दाखवायला माझ्या शेजारी ओट्यावर ठेवला. नव्याचा आकडा लांबून दिसत होता. माझा शोधायला तिनं दुमड नखानं उलगडली, खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरली.

तोच आकडा होता. तिनं तो पुन्हा वाचला, मग आण्णांकडे वळली.

"आण्णा, मीच घालत हुते की तुमाला."

आण्णा खाटेवरून म्हणाले, "गप. मी काय कुक्कुलं बाळ हाय? खाल्लं मी न्हवं?" जरा वेळानं म्हणाले, "नियम आलता तवा कट्ट्यावर बसून मीच हसलोय. लोकांस्नी उद्योग न्हाईत म्हटलं." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ती मला फेकून देणार होती. आण्णांनी अडवलं, अन्न आहे म्हणाले. मी फळीवर तसाच राहिलो.

पुढं कळलं की त्यांचा जुना कंडक्टर आकाराम स्कूटरवरून पडलाय, पाय प्लॅस्टरमध्ये आहे. वाडीच्या एसटीवर दोघांनी उभी हयात काढलेली. आण्णांनी रिक्षा बोलावली आणि निघता निघता सवयीनं फळीवरून मला उचललं. त्याला कुठं साखर आहे, असं पुटपुटल्याचं मी ऐकलं.

कळंब्याला आकारामच्या घरी कोनाड्यात पुड्यांची रास लागली होती. त्याच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, मला घेतलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बरं केलासा भावजी. दवाखान्यात रगात तपासलं तवा ह्येंची साखर बी निघाली. आता हे नाचणीचंच तेवढं चालतंय बघा."

आण्णांनी चहा घेतला, पायाची चौकशी केली, जुन्या गाडीच्या गोष्टी झाल्या. निरोप घेऊन ते काठी टेकत उंबऱ्यापर्यंत गेले. मी कोनाड्यात होतो. वाटलं, चालले हे.

ते उंबऱ्यात थांबले आणि वळले.

"वहिनी, त्यो पुडा परत द्या."

दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे काय, ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. धोंडुबाईंचा चेहरा पडला. आकाराम पडल्या पडल्या हसला, "का रं, महागात पडला व्हय?"

आण्णा खुर्चीवर बसले, वाकले आणि पायातला मोजा काढला.

आकारामनं त्या पायाकडे बघितलं, मग आण्णांकडे. त्याचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"हेच खात हुतो मी," आण्णा म्हणाले. "चालतंय म्हणून."

धोंडुबाईंनी मला कोनाड्यातून काढलं. मग राशीतला दुसरा पुडा काढला, तिसरा काढला. सगळ्यांवर कणसं, फळं, हिरवी पानं. त्या एकेक उलटा करून डोळ्यांशी नेत होत्या, पण बारीक अक्षर काही लागत नव्हतं.

"अवो, तुमचा चष्मा कुठं हाय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

आता मी त्यांच्या हातात पालथा पडलोय. माझं तोंड त्यांच्या तळव्यात दाबलं गेलंय आणि पाठ उघडी आहे. बाई, चष्मा सापडेपर्यंत मला खाली ठेवू नका. दुमड जरा ओढा, तिथंच आहे तो आकडा.