नवव्या दिवसाची गाठ

गोजरबाईच्या कमरेला काळ्या लोकरीचा एक दोरा असायचा. बाळापूरच्या अलीकडे दोन कोसांवर जो धनगरवाडा आहे, तिथली कुणीही बाई बाळंत झाली, की सुईण गोजरबाई आधी हात धुवायची आणि मग दोऱ्याला एक गाठ मारायची. हात धुवायची ते सगळं उरकल्यावर. त्याच्याआधी धुवायचे असतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोरा वाढत वाढत कमरेला तीन वेढे बसण्याइतका झाला होता. "एकशे सत्त्याऐंशी लेकरं!" असं ती विचारणाऱ्याला सांगायची आणि न विचारणाऱ्यालाही सांगायची.

त्यातल्या दोन गाठी तिच्या स्वतःच्या नातवंडांच्या होत्या. ती दोन्ही लेकरं आता नव्हती.

पोरगा मसाजी मेंढरं राखायचा, सून द्वारकाबाई लोकर पिंजायची. द्वारकाबाईचं पहिलं पोरगं सहा दिवस खणखणीत रडलं. सातव्या दिवशी त्यानं दूध सोडलं. तोंड मिटलं ते मिटलंच, अंग कमानीसारखं ताठलं, आणि आठव्या दिवशी खेळ संपला. दोन वर्षांनी पोरगी झाली, तिचंही अक्षरशः तसंच. वाड्यावर या दुखण्याला 'आठवा' म्हणत.

"पाचव्या राती सटवाईनं कपाळावर लिहिलंच न्हाई, तर आपुन काय करावं?" असं म्हणून गोजरबाई पदर डोळ्यांना लावायची. तिचं रडणं खरं होतं.

आता द्वारकाबाईला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. नववा महिना लागला होता. सून बोलत काही नसे, पण पाळण्याची जुनी दोरी तिनं अजून माळ्यावरून काढली नव्हती.

वाड्याची एक रीत होती. नाळ कापायची ती मेंढरं कातरायच्या कातरीनं. लोकर म्हणजे लक्ष्मी. जी कातर लक्ष्मी घरात आणते, तिनंच लेकराला आईपासून मोकळं करावं. मग बेंबीवर मेंढरांच्या लेंड्यांची राख दाबायची, म्हणजे ओल सुकते. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. अडचण नेमकी तीच होती. वाईट हेतू असता, तर कुणीतरी कधीच भांडलं असतं!

त्या आठवड्याच्या बाजारात गोजरबाईला शालूबाई भेटली. शालूबाई याच वाड्याची लेक. नवरा लवकर गेला, तेव्हा रडत बसण्याऐवजी ती मोठ्या दवाखान्यात दाईचं काम शिकून आली, आणि आता बाळापूरला बाळंतपणं करायची.

"मावशे, द्वारका कशी हाय?" शालूबाईनं विचारलं.

"बरी हाय. तू तुजं बघ. दवाखान्यात राहून लई गोरी झाली गं! साबणानं झाली का सावलीनं?"

"साबणानंच म्हन," शालूबाई हसली. तिनं पिशवीतून कापडाची एक पुरचुंडी काढली. "हे घे. कोरं पातं हाय, दोन दोरे हायेत, अन् साबण हाय. आधी हात धुव. पातं अन् दोरे पाण्यात खळखळ उकळ. नाळ त्याच पात्यानं काप. अन् बेंबीला काही म्हंता काही लावू नको."

गोजरबाईच्या कपाळाला आठी पडली. "तू मला शिकवून राहिली? अगं, तू माज्याच हातावर पडली! तुजी नाळ याच कातरीनं कापली म्या. मेली का तू?"

"म्या न्हाई मेले," शालूबाई हळू आवाजात म्हणाली. "पण माज्या पाठीवर भाऊ झाला व्हता. त्याची नाळ बी याच कातरीनं कापली. त्यो कुठं हाय, मावशे?"

गोजरबाई शेजारच्या मेथीवालीकडे वळली. मेथीची जुडी उगीच उलटीपालटी करून पाहिली आणि मेथीवालीलाच सुनावलं, की पाला सुकलेला आहे. जाताना मात्र पुरचुंडी उचलली. घरी आल्यावर ती कोनाड्यात मागच्या बाजूला ढकलून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मसाजी अंगणात कोकरांच्या कानांना खूण करत बसला होता. कळप ओळखू यावा म्हणून प्रत्येकाच्या कानाचा एक कोपरा कापायचा. त्यानं सुरी चुलीतल्या निखाऱ्यांत घातली, लाल होऊ दिली, वर धरून निववली आणि मग एका कोकराचा कान धरला. दुसऱ्या कोकराला पुन्हा तेच.

"काहून तापवून राहिला रे घडीघडी?" गोजरबाई म्हणाली. "दुपार होईल अशानं."

"होऊ दे की माय. मागल्या साली तशीच चालवली सुरी. नऊ कोकरं गेली! कान कापल्यावर आठ-धा दिसांनी जबडा लागला, पाय लाकडावानी ताठले. जनावरांच्या दवाखान्यातला संपतराव म्हणला, लोखंडाची घाण जखमंत शिरती. तवापासून तापवून राहिलो. त्यानंतर एक बी गेलं न्हाई."

"अन् वर काय लावतो? राख?"

"राख काहून? लेंड्यांत बसू बी देत न्हाई. कोरड्या जागी बांधतो."

गोजरबाईनं खाली बसून कोकराचा कान धरून पाहिला. आठ दिवस! जबडा! ताठलेले पाय! तिच्या पोराला कोकरांचं कळलं होतं, आणि त्याच घरात, मेंढरांच्या कातरीवरची घाण ती नातवंडांच्या उघड्या नाळेला लावत आली होती! कोकराला तापवलेली सुरी, आणि लेकराला लेंड्यांची राख!

ती उठून आत गेली. द्वारकाबाई लोकर पिंजत होती.

"सूनबाई," गोजरबाई म्हणाली, आणि पुढचे शब्द तिला एकेक करून काढावे लागले. "सटवाईचा दोष न्हाई. माजी कातर व्हती ती. दोन्ही बारी. शालूनं कोरं पातं अन् साबण बांधून पुरचुंडी दिली, ती बी म्या लपवली."

द्वारकाबाईचे हात थांबले. ती म्हणाली, "आत्याबाई, आज माज्याशी काही बोलू नका." दिवसभर ती लोकरच पिंजत राहिली. भाकरी मात्र सासूपुढे ठेवली. संध्याकाळी तीच जवळ येऊन बसली. "तुमाला ठाव न्हवतं. ठाव असतं, तर तुमी सोताचा हात कापून घेतला असता. ती पुरचुंडी कुठं हाय? मला दाखवा."

चौथ्या दिवशी, भर दुपारी, द्वारकाबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. गोजरबाईनं कोपरापर्यंत हात धुतले; एकदा नव्हे, तीनदा. बाहेर मसाजी वैतागला: "माय, साबण संपवती का काय?" पातं आणि दोरे उकळले, नाळ बांधली, कापली. राखेचं मडकं शेजारीच होतं. सवयीनं हात तिकडे गेला आणि मधेच थांबला.

पोरगी झाली. सगळ्यांनी दोऱ्याकडे पाहिलं. गोजरबाईनं गाठ मारली नाही.

पाचवीला सटवाईची पूजा झाली, कोरा कागद ठेवला, दिवा लावला. "लिहायचं ते तू लिही, बाई," गोजरबाई म्हणाली, "पण कातर म्या बाजूला ठेवली हाय."

सातव्या सकाळी तिनं हात धुऊन करंगळी पोरीच्या तोंडात घातली. जबडा हलतो का, ते तिला बघायचं होतं. पोरीनं करंगळी अशी ओढली, की म्हातारी ओरडलीच! आठव्या सकाळीही ओढली. नवव्या सकाळी पोरीनं आजीच्या करंगळीला कंटाळून भोकाड पसरलं, आणि सगळा वाडा ते ऐकत उभा राहिला.

मग गोजरबाईनं कमरेचा दोरा सोडला आणि एकशे अठ्ठ्याऐंशीवी गाठ मारली. कातर मसाजीच्या हातात दिली. "ही मेंढरांची. आजपासून मेंढरांचीच." तशीच ती बाळापूरला गेली आणि शालूबाईला म्हणाली, "दहा पुरचुंड्या दे. अन् त्या मेथीवालीला सांग, पाला ताजा व्हता."

द्वारकाबाईनं माळ्यावरून पाळण्याची दोरी काढली.

बायांनो, बाप्यांनो, आपल्या घरातलं कुठलंही लेकरू कपाळावर मरण लिहून येत नाही. कितीदा ते आपल्याच प्रेमळ, न धुतलेल्या हातांतून त्याच्यापर्यंत पोचतं. स्वच्छ हात, उकळलेलं कोरं पातं आणि कोरडी बेंबी, एवढं तरी प्रत्येक घराला जमण्यासारखं आहे. आपल्याला जनावरांसाठी जे कळतं, ते लेकरांसाठीही कळू द्या. आणि चूक कळली, तर गोजरबाईसारखी ती मोठ्यानं कबूल करा. त्यानं मान खाली जात नाही. लेकरं किती जन्मली, हे मोजण्यात काय मोठेपण? नवव्या सकाळी रडायला किती उरली, ते मोजा!