कोणापासून वेगळी

लोखंडी स्टूल खिडकीच्या काचेवर आदळलं, तेव्हा तोफ एका म्हाताऱ्याला ओरडून सांगत होती की त्याचा एकही जुना भत्ता बुडणार नाही, सगळे मिळून एकच नवा भत्ता होणार आहे. म्हातारा कानानं अधू होता आणि तोफेचा आवाज मुळातच असा, की ऑफिसात तिचं तेच नाव पडलं होतं. तोंडावर मात्र सगळे तिला ताई म्हणत. काच फुटून खाली आली. डोळ्यात रक्त उतरलं तेव्हा ताईला कळलं, की स्टूल आपल्यालाच मारलं होतं.

"माझी बायको वेगळी कधी झाली?" स्टूलवाला विचारत होता. "बोल की. कुणी ठरवलं?"

तो घराघरांत फरशी बसवणारा होता. पाठ अधू झाल्यापासून काम निम्म्यावर आलेलं आणि भत्त्यावर घर चाललेलं. फुटलेल्या काचेतून हात घालून त्यानं ताईचा गळा धरला आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. दारावरचा वॉचमन, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. फरशीवाल्यानं न बघताच कोपर मागे हाणलं. काका तोंड धरून खाली बसले आणि बोटांमधून रक्त गळायला लागलं. रांगेतली माणसं भिंतीला चिकटून उभी होती. म्हाताऱ्याला काही ऐकू आलं नसावं, तो अजून कागद पुढे धरून होता.

"तुझं नंतर बघतो," फरशीवाला म्हणाला. "आधी तिला विचारतो." आणि माणसांना ढकलत तो निघून गेला.

सरकारनं भाड्याचा, मुलांचा, आजारपणाचा असे सगळे सुटे भत्ते मोडून एक एकत्रित भत्ता आणला, तेव्हा लोकांची त्रेधातिरपीट उडाली. म्हणून नगरपालिकेनं हॉलमध्ये हा मदत कक्ष काढला. लोकांनी तोंडानं सांगायचं आणि ताईनं भरायचं, असं तिथलं काम. तिचा हात भलताच चलाख होता. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तिनं उत्तर टाकलेलं असे, आणि याचा तिला कोण अभिमान. साहेब नव्या लोकांना तिच्या शेजारी बसवून म्हणत, बघा आणि शिका.

काका पोलिसांना फोन लावत होते. ताईनं रुमाल भुवईवर दाबला आणि दुसऱ्या डोळ्यानं फरशीवाल्याच्या बायकोचा अर्ज उघडला. विभक्त, असं तिथं लिहिलं होतं. तिनंच लिहिलं होतं.

मग तिला सगळं आठवलं. बायको इस्त्रीचं काम करायची. हसऱ्या तोंडाची, बोलताना सतत पदर सारखा करणारी. घरात कोण कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "मी आणि मुलगी... आम्ही वेगळे झालो ना ताई, उन्हाळ्यात." खरं तर सासू, सासरे, दीर, जावा, एवढ्या खटल्यातून बाहेर पडून नवरा-बायकोनं एक खोली घेतली होती. तिला त्याचं कौतुक सांगायचं होतं, नवऱ्याचं नाव तर ती पुढच्या श्वासात घेणार होती. पण ताईचा स्वतःचा नवरा कधीचाच दुसरीकडे राहायला गेलेला. कुणी विचारलं की ती एवढंच म्हणे, आम्ही वेगळे झालो. तिच्या लेखी त्या शब्दांना दुसरा अर्थ उरलाच नव्हता. ती आवाज खाली आणून म्हणाली होती, "बरं केलंस हो." आणि इस्त्रीवाली हसून म्हणाली होती, "हो ना, रोजची कटकट मिटली." दोघीही खूश होऊन उठल्या होत्या.

आता फरशीवाल्याच्या फोनवर निरोप आला असणार, की तुमची नोंद एकट्या माणसाची झाली आहे. बायकोनं गुपचूप कागद केले, दुसरं काय वाटणार त्याला. ताई उठली. काका म्हणाले, पोलीस निघालेत, तुम्ही जाऊ नका. ती थांबली नाही.

खोली ऑफिसच्या मागच्याच गल्लीत होती. गल्लीत माणसं उभी होती आणि सगळी ऐकत होती. नवरा-बायकोचं भांडण आहे, कोण मध्ये पडणार, असं एक बाई ताईलाच सांगायला लागली. ताईनं तिला बाजूला सारलं आणि दार लोटलं.

इस्त्रीवाली जमिनीवर पालथी होती. तिच्या पाठीवर गुडघा रोवून तो बसला होता आणि तिचा उजवा हात त्यानं इस्त्रीखाली दाबून धरला होता. खोलीत कातडी जळाल्याचा वास भरला होता. तो ओरडत नव्हता. अगदी हळू आवाजात म्हणत होता, "हो आता वेगळी. हो." आणि ती कण्हत कण्हत एकच सांगत होती, "अहो, मी तसं म्हटलंच नव्हतं."

दाराशी त्याच्या कामाची पिशवी होती, त्यात फरशी ठोकायचा लाकडी हातोडा. ताईनं तो उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. इस्त्री बाजूला पडली. तो वळला तसा दुसरा घाव गळ्याच्या हाडावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तो खाली पडला, तोंडापुढे हात धरून नको नको म्हणायला लागला. एवढ्यावर भागलं असतं, हे ताईला दिसत होतं. तिनं तिसरा मारला. मारताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची तिला नंतर फार भीती वाटली.

पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली, तेव्हा तिच्या भुवईला टाके होते आणि नोकरीचं काय होणार ते तिला ठाऊक नव्हतं. साहेबांनी एवढंच बजावलं होतं, की नवऱ्यानं तक्रार केली आहे, नोंद चुकीची असेल तर आजच्या आज एकत्र करून टाका. एकत्र म्हणजे दोघांचे आणि मुलीचे सगळे पैसे नवऱ्याच्या खात्यात. नाहीतर ती वेगळी राहते, असं बायकोच्या सहीनं लेखी आणा.

इस्त्रीवालीचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. एक डोळा सुजून मिटला होता. ताईला बसवेना.

"चूक माझी," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिचा आवाज शेजारच्या खाटेपर्यंत पोचला नसेल.

"तुम्ही विचारलंच नाही हो, कोणापासून."

"नाही विचारलं."

"मी सासूबाईंपासून म्हणत होते."

"काल कळलं मला. उशिरा कळलं."

मुलगी कुठे आहे, ते ताईनं विचारलं. ती सासूबाईंकडेच होती. त्या काल दवाखान्यात आल्या, सुनेचा हात बघितला आणि नातीला घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, माझाच पोरगा आहे, पण तू परत त्या खोलीत पाऊल टाकू नकोस. हे सांगताना इस्त्रीवालीला रडू आलं. मार खाताना आलं नसेल एवढं आलं.

"दुरुस्त केलं, की पैसे त्यांच्या खात्यात जाणार ना?"

"हो."

"तो सुटून येईल?"

"येईल. आज ना उद्या येईलच."

इस्त्रीवाली पट्टीतल्या हाताकडे बघत राहिली. ताईनं एकदाही तिला घाई केली नाही. मग ती म्हणाली, "लिहा. मी वेगळी राहते."

ताईनं कागद पिशवीवर ठेवला, पेन टेकवलं आणि थांबली. "कोणापासून?"

"त्याच्यापासून."

ताईनं ते तसंच लिहिलं, पुढे फक्त नवरा हा शब्द जोडला, आणि वाचून दाखवलं. सही राहिली होती. उजवा हात असा, म्हणून ताई म्हणाली की डाव्या हाताचा अंगठा चालेल, नियमात बसतं.

"मला लिहिता येतं," इस्त्रीवाली म्हणाली.

पेन तिनं मुठीत धरलं. पहिलं अक्षर कागद फाडून खाली उतरलं. दुसऱ्याला ती दमली, डोळे मिटून पडून राहिली आणि पुन्हा उठली. ताईनं कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. स्वतःचं नाव लिहून झालं. पुढे जिथे नवऱ्याचं नाव यायचं, तिथे पेन जरा वेळ टेकलं. मग तिनं ते उचललं आणि ताईला परत दिलं.

"झालं," ती म्हणाली.

अर्धवट नावाची सही चालत नाही म्हणून ताईनं आजवर कितीतरी माणसं खिडकीवरून परत पाठवली होती. हा कागद मात्र तिनं घेतला. शाई पुसली जाऊ नये म्हणून कागद घडी न घालता तिनं दोन्ही हातांवर आडवा धरला आणि तसाच धरून ती सावकाश जिना उतरायला लागली.