थिएटरात न दिसलेला माग

माझ्या फितीवर एका जागी, साधारण वीतभर लांबीत, तपकिरी लेप थोडा विरळ झाला आहे. सहज पाहिले तर ते कळत नाही. फीत खिडकीच्या उजेडात तिरपी धरली, तरच तेवढ्या भागाची चकाकी जरा मंद दिसते. मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, आणि माझ्या आयुष्यात जे काही मोलाचे घडले ते त्या वीतभर जागेमुळे घडले.

थिएटरातल्या फिल्मचा तुकडा उजेडात धरला की त्यात इवली इवली चित्रे दिसतात. माझ्यात तसे काही दिसत नाही. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोखंडाच्या गंजासारखी भुकटी बसवलेली, एवढेच माझे शरीर. त्या भुकटीचे कण चुंबकाने एका विशिष्ट रीतीने मांडले जातात, आणि त्याच मांडणीतून पुढे माणसाचा चेहरा, नदीचे पाणी, हुंदका, सारे परत उभे राहते. हे कसे होते ते मला माहीत आहे. तरीही यंत्र सुरू झाले की मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

माझा जन्म आखाती देशातला. तिथे एक जुना कृष्णधवल चित्रपट माझ्यावर उतरवला गेला. आपल्याकडे तो लागला तेव्हा फार लांबला म्हणून त्यातली बरीच दृश्ये काढून टाकली होती. त्याआधीच परदेशी गेलेल्या प्रतीला मात्र कुणी कात्री लावली नव्हती, आणि मी त्या प्रतीवरून तयार झाले. म्हणून थिएटरात सुरुवातीला दिसते ती सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची पाटी माझ्यात नाही, आणि थिएटरात कुणी पाहिली नाहीत अशी दृश्ये माझ्यात आहेत. तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. ते मला नागपुरात कळले.

तिथल्या महाल भागात राहणारे मनोहरराव कचेरीतून निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत कॅसेटची लायब्ररी चालवत. त्यांच्या भाच्याने मला आखातातून आणून दिले. नव्या रंगीत चित्रपटांना मागणी असे, म्हणून मी वरच्या फळीवर पडून राहिले. एका दुपारी मनोहररावांनी स्वतःसाठीच मला यंत्रात घातले. मध्यावर ते खुर्चीतून उठले, यंत्र बंद केले आणि विणकरांच्या तांडापेठेत राहणाऱ्या गोपिकाला निरोप धाडला. त्यामागची सगळी हकिगत मी या दोघांच्या बोलण्यातून जुळवली आहे.

गोपिकाचे वडील बळीराम हे कोष्टी. साडीला करवतीच्या दातांसारखी किनार विणण्यात त्यांचा हात धरणारा पेठेत कुणी नव्हता. एरवी कापड विणायला आडवा धागा नेणारा एक धोटा पुरतो. या साडीला तीन लागतात, मधल्या अंगासाठी एक आणि दोन्ही काठांसाठी एकेक. सन साठ-पासष्टच्या सुमारास सिनेमावाले पेठेत आले आणि त्यांनी बळीरामांना मागावर बसवून चित्रीकरण केले. नेमका त्याच वेळी एक धागा तुटला. बळीरामांनी तो सांधला आणि पुढे विणत राहिले.

चित्रपट लागला तेव्हा सारी गल्ली थिएटरात गेली. पडद्यावर माग आलाच नाही. बळीराम दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, मग पुन्हा, चित्रपट उतरेपर्यंत जात राहिले. गल्लीने त्यांचे नाव हिरो ठेवले. काय गा हिरो, आज तरी दिसला का, असे येणारा-जाणारा विचारी. तेव्हा त्याच गल्लीत राहणारे मनोहररावही विचारत.

दृश्य का गेले, हे बळीरामांनी कुणाला विचारले नाही. त्याचे कारण त्यांनी आपल्याच धंद्यातून शोधून काढले. कापडात दोष राहिला तर कोष्टी तेवढा तुकडा कापून बाजूला टाकतो. आपला धागा तुटला, म्हणून सिनेमावाल्यांनीही तेवढा तुकडा कापला, असे त्यांनी मनाशी पक्के केले. मग मागावर बसले की त्यांचा हात बिचकू लागला. शेवटी त्यांनी माग उतरवला, लाकडे बांधून माळ्यावर टाकली आणि आधी गिरणीत, नंतर कोराडीच्या वीजकेंद्रात कामाला लागले. संध्याकाळी बसमधून उतरत तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर राख असे.

गोपिका मोठी झाली, विणकर सोसायटीच्या दुकानात काम करू लागली. ती किनार विणता येणारे एकेक हात संपत चालले आहेत, हे तिला तिथे दिसत होते. मला शिकवा, असे ती वडिलांना वर्षानुवर्षे म्हणत आली. ते दरवेळी फक्त 'पाहू' म्हणत. त्यांनी शिकवले नाही, तर पेठेतून ती किनार त्यांच्याबरोबरच जाणार होती.

निरोपानंतरच्या रविवारी दुपारी बळीराम मनोहररावांच्या खोलीत आले. आले म्हणजे त्यांच्या बायकोने, तुळजाबाईने, आणले; गोपिकाही बरोबर होती. ते खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते.

"जावई आल्यावाणी काहून बसून राहिले?" तुळजाबाई म्हणाली. "टेका ना जरा."

मी सुरू झाले. तो चित्रपट बळीरामांना इतका पाठ होता की पुढचे प्रत्येक दृश्य त्यांना आधीच ठाऊक होते. नायिका पाळण्याशी बसून अंगाई गाऊ लागली तेव्हा ते पुढे वाकले. हे नव्हतं, असे हलकेच म्हणाले. म्हातारा नावाडी कन्हान नदीच्या वाळूत एकटाच रडतो, ते दृश्य आले. हे बी नव्हतं, ते म्हणाले. आणि मग पडद्यावर माग आला.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तरणे बळीराम बसले होते. धोटा धावत होता. धागा तुटला. कॅमेरा तिथून हलला नाही, उलट आणखी जवळ गेला. दोन बोटांनी तुटलेले टोक शोधले, पिळले, गाठ मारली, आणि धोटा पुन्हा निघाला.



"मांगं घ्या," बळीराम म्हणाले.

मनोहररावांनी मला मागे घेतले. बळीराम उठून टीव्हीच्या काचेशी गेले. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिले नाही, ते कापड पाहत होते.

"गाठ दिसून नाही राहिली," ते म्हणाले. "मंग कापलं काहून?"

"चित्रपट लांबला होता, बळीराम," मनोहरराव म्हणाले. "हिरॉईनची अख्खी अंगाई उडवली त्यांनी."

"तिचा बी धागा तुटला होता का?" तुळजाबाईने विचारले. बळीराम हसले. बाबांना असे हसताना किती वर्षांनी पाहिले, असे गोपिका नंतर मनोहररावांना सांगत होती.

त्यानंतर ते अनेक रविवारी आले. चित्र त्याच जागी थोपवून पाहत बसत. यंत्रात चित्र थोपवले की फिरते चाक फितीच्या तेवढ्याच भागावर घासत राहते. माझा लेप विरळ झाला तो असा. मला त्याचे दुःख नाही. इतके मन लावून मला कुणी पाहिले नव्हते.

पुढे मे महिन्यात मी खिडकीत विसरले गेले. नागपूरचे ऊन तुम्हाला माहीत आहे. माझी पेटी वाकली, चाके अडली. बळीरामांनी मला उचलून धोतराच्या सोग्याने पुसले. मनोहररावांनी स्क्रू काढून माझी फीत दुसऱ्या पेटीत बसवली. मित्रांनो, कॅसेट उन्हात ठेवू नका, पाहून झाली की पूर्ण गुंडाळून ठेवा. आणि कुणाचे काम कापले गेले, तर त्यात दोष होता असे धरून बसू नका. का कापले, ते एकदा विचारा.

फीत नीट चालते का, हे पाहायला मनोहररावांनी मला पुन्हा लावले. माग आला, पण त्यावर पांढऱ्या रेघा थरथरत होत्या. हे किती टिकन, असे बळीरामांनी विचारले. जितके पाहाल तितके झिजेल, मनोहरराव म्हणाले. बळीराम पडद्यावरच्या त्या थरथरत्या बोटांकडे पाहत राहिले. गोपिका शेजारी उभी होती. आज तिने काही विचारले नव्हते.

"गोपिके," ते तिच्याकडे वळून म्हणाले, "माळ्यावरची लाकडं खाली घे वं. माग उभा करू. तीन धोटे कसे चालवाचे, शिकवतो तुले."