लँडमास्टरचं इंजिन

कट् असा आवाज झाला आणि पाना प्रेमलाच्या हातात मोकळा फिरला. बोल्टचं डोकं तुटून खाली पडलं होतं.

"खिसिया के मत कसिए, बहिनजी," शेजारच्या जीपखालून रमजान मिस्त्री म्हणाले. "केतना कहा, गुस्सा घर पे रख के आइए. अब ई टुकड़ा निकालने में पूरा दिन जाएगा."

"घर में रखने की जगह नहीं है," प्रेमला म्हणाली.

बनारसमध्ये लहुराबीरच्या मागच्या गल्लीतल्या या गॅरेजात ती दर रविवारी यायची. वय सेहेचाळीस, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, घर रामघाटावर. लग्न केलं नव्हतं; खरं तर ते कोणी जमवलंच नव्हतं. पदर कमरेला खोचून, वरून वडिलांचा जुना शर्ट घालून ती काम करायची.

गाडी वडिलांची, छप्पन सालची लँडमास्टर. रामघाटाच्या बोळात सायकल धड शिरत नाही, म्हणून ती मैदागिनला भाड्याच्या शेडमध्ये असायची. वडील वैद्य होते, बिंदुमाधवशास्त्री. घरात त्यांना नाना म्हणत. नानांनी धाकट्या मुकुलला सोळाव्या वर्षी गाडी शिकवली. बावीस वर्षांच्या प्रेमलाने विचारलं तेव्हा म्हणाले, "तुला काय करायचंय? तू मागे बस." ती मागे बसली, मांडीवर औषधांची पेटी घेऊन.

पुढे मुकुल नोकरीला पुण्याला गेला. नानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते सात वर्षं अंथरुणावर होते. त्यांना उठवणं, पुसणं, भरवणं आणि मग धावत ड्यूटी गाठणं, सगळं प्रेमलाने केलं. त्र्याण्णव साली नाना गेले. तेराव्याच्या दिवशी मुकुलने तिच्यापुढे कागद ठेवले. "ताई, फॉर्मॅलिटी आहे. इथे आणि इथे सही कर." तिने वाचलं नाही, सही केली. निघताना तो म्हणाला, "आणि ते धूड कबाडीवाल्याला देऊन टाक."

कबाडीवाला आला. त्याने बॉनेटवर लाथ घालून पत्रा किती जाड आहे ते पाहिलं. प्रेमलाने त्याला हाकललं. आपल्याला एवढा राग कशाचा आला, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. ती तशीच रमजान मिस्त्रींकडे गेली. नानांची गाडी तेच बघायचे.

"बन तो जाएगी," ते म्हणाले, "लेकिन हमारे पास टाइम नहीं है."

"तो मुझे सिखाइए."

बाई पुन्हा यायची नाही अशा हिशोबाने त्यांनी पहिल्या रविवारी तिला रॉकेलची परात आणि नुसता कार्बुरेटर दिला. तिने तो खोलला, धुतला, जोडला. दोन स्क्रू उरले. मिस्त्रींनी ते तिच्या तळहातावर ठेवले. "ये भी इसी के हैं." तिने कार्बुरेटर पुन्हा खोलला.

मग गाडी शेडमधून ओढत गॅरेजात आणली. दोन वर्षं लागली. इंजिनाच्या हेडचे बोल्ट ती एका टोकाकडून कसत गेली, खालचं गॅस्केट फुटलं. तेव्हा कळलं, बोल्ट मधून बाहेर कसत जायचे, थोडे थोडे, सगळे सारखे. नखांतलं काळं निघेना म्हणून शेजारच्या शरदिनीकाकूंनी तिला सवाष्णींच्या पंगतीत वाढायला बोलवणं बंद केलं. एक्स्चेंजमध्ये नवी मशिनं आली आणि तिला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. पण बावीस वर्षं कानाला हेडफोन लावून दूरच्या कॉलची खरखर ओळखणारा तिचा कान कोणी काढून घेतला नव्हता. एकदा इंजिन चालू असताना ती म्हणाली, "तीसरा कम बोल रहा है." मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं, बराच वेळ ऐकलं, आणि मान हलवली. तिसऱ्याच सिलिंडरचा व्हॉल्व नीट बसत नव्हता.

शहाण्णवच्या फाल्गुनात गाडी सारनाथपर्यंत जाऊन परत आली. प्रेमला चालवत होती; तेही मिस्त्रींनीच शिकवलं होतं. आनंदाच्या भरात तिने मुकुलला पत्र लिहिलं. तेवढंच चुकलं.

महिन्याभरात तो आला, तोही थेट गॅरेजात. सोबत कँटोन्मेंटमधल्या एका हॉटेलचे मालक, दुबेजी.

"ताई, कमाल केलीस," मुकुल गाडीभोवती फिरत म्हणाला. "एकदम शोरूमवाली दिसतेय."

"चालवून बघ."

"चालवायची नाहीये गं. दुबेजी विकत घेतायत, हॉटेलच्या दारात ठेवणारेत. फॉरेनर लोक फोटो काढतील."

दुबेजींनी बॉनेटखाली नजर टाकली. "इंजन निकलवा दीजिए. तेल टपकेगा, फर्श खराब होगा."

"एक बूँद नहीं टपकता," प्रेमला म्हणाली. दुबेजी मुकुलकडे बघत राहिले.

"तू मला विचारलंस?" तिने मुकुलला विचारलं.

"ताई, गाडी माझ्या नावावर आहे. तूच तर सही केलीस. आणि तुझी हौस झाली ना पुरी? आता या वयात तू बनारसमध्ये गाडी फिरवणार का?"

प्रेमलाने हातातला पाना बाकावर ठेवला. तिचा आवाज चढला नाही.

"नाना सात वर्षं अंथरुणात होते. ते कोणाच्या नावावर होते, मुकुल?"

रमजान मिस्त्रींनी बाकावरचा रेडिओ बंद केला.

"इंजिन नकोय ना तुम्हाला? मग ते इथे राहील," ती म्हणाली. "मी उतरवते. तोवर बसा."

मिस्त्री मदतीला पुढे झाले. "मुझे करने दीजिए," ती म्हणाली. तिने रेडिएटरचं पाणी सोडलं, पाइप काढले, तारांना चिठ्ठ्या बांधल्या. राग होताच, पण पाना एकदाही सटकला नाही. दुबेजींनी दोनदा चहा घेतला, तीनदा घड्याळ पाहिलं. चार तासांनी तिने छताच्या कप्पीची साखळी ओढली आणि इंजिन हळूहळू वर आलं, हललं, थांबलं. एवढं वजन गेल्यावर गाडीचं नाक स्प्रिंगवर वीतभर उचललं गेलं. ते पाहून तिने तोंड फिरवलं.

बाहेर टेम्पो आला होता. मुकुल स्टिअरिंगवर बसला. दुबेजींची तीन माणसं मागून ढकलू लागली, पण चाकं उंबऱ्याच्या चढावर अडली.

"ताई," मुकुल खिडकीतून म्हणाला, "जरा हात लाव ना."

"मला काम आहे," प्रेमला म्हणाली.

ती स्टुलावर बसली होती. परातीतला एकेक नट रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, ज्याच्या त्याच्या बोल्टवर दोन आटे फिरवून ठेवत होती, म्हणजे पुन्हा जोडताना शोधायला लागणार नाही.