हलत ऱ्हा, पोरी

आमच्या शिवलिंगकाकांना अक्कल आहे, पण ती फक्त फसवण्यापुरती. परळीत कापडाचं दुकान चालवता चालवता वाढली असावी.

काकांनी माझ्यासाठी शोधलेला मुलगा, बसवेश, अमेरिकेत. मला बघायला इथवर यायला साहेबांना सवड नव्हती, म्हणून शहादेवच्या नेट कॅफेत कॅमेऱ्यासमोर कार्यक्रम ठरला. माझ्या गालावर कोडाचा डाग आहे, पावडर थापूनही न लपणारा. पाठवलेल्या फोटोत तो स्टुडिओवाल्याने पुसला होता. लग्नानंतर दिसला की सासरचे मला परत धाडणार आणि काका 'तिचं नशीब' म्हणून हात झटकणार.

शहादेवच्या छतावर वायरलेसची थाळी होती. तिच्यातून चित्र जेमतेम जायचं. आदल्या दिवशी त्याने आम्हाला समजावलं होतं, "काका, सगळं चित्र जात न्हाई. जे हललं तेवढंच मशीन पाठवतंय. लई हललं की तोंड सारवल्यावानी दिसतंय. माणूस गप बसलं की हळूहळू साफ होतंय."

दुसऱ्या कुणी मला गप बसायला सांगितलं असतं. काका म्हणाले, "हलत ऱ्हा, पोरी. थांबू नको."

मग काय, तमाशाच! पंखा जोरात. पाठीमागे आत्या आणि मावशी येरझाऱ्या घालताहेत. नीलम्माकाकूने तर चक्क मॉनिटरपुढे पोह्यांची बशी सरकवली, पाहुण्यासमोर सरकवावी तशी. मी नंदीबैलासारखी मान डोलवत होते. पडद्यावरचा चौकोनाचौकोनांचा बसवेश म्हणाला, "छान आहे मुलगी. रंग अगदी नितळ."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. मला किळस आली. त्यांची, आणि चौकोनांवर भाळणाऱ्या त्या शहाण्याचीही.

मी उठून पंखा बंद केला. "मागं कुणी फिरू नका." आवाज असा लागला की आत्या होती तिथेच बसली. मग कॅमेऱ्याकडे गाल करून मी गप बसले. पापणीसुद्धा लवू दिली नाही.

"कावून थांबलीस? हल की!" काका दातओठ खात कुजबुजले.

बसवेश पुढे वाकला आणि निरखून बघू लागला. बघता बघता त्याचंही हलणं थांबलं, तसा त्याचा चेहरा साफ होत गेला. आधी भुवया दिसल्या, मग वाकडे झालेले ओठ.

"हॅलो? काहीच दिसत नाहीये. लाइन खराब आहे," तो म्हणाला आणि पडदा काळा झाला.

काका शहादेववर उखडले, "कसली लाइन हाय बे तुझी?"

"काका, इतकं साफ चित्र आजवर कधी आलं न्हवतं."

मी मॉनिटरपुढची बशी ओढली आणि पोहे खायला लागले.